वास्तूची संहिता आणि चुन्याची सफेदी

स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या गावात हेन्ली स्ट्रीटवर ओक लाकडाच्या सांगाड्याचे एक घर रस्त्याला अगदी लागून उभे आहे. निळसर करड्या दगडाचे बुटके जोते, त्यावर आडवी तुळई, तुळईवर उभे खांब, खांबांच्या चौकटीत भरलेल्या कुडाच्या भिंती, वर उतरते छप्पर आणि छपरातून बाहेर डोकावणाऱ्या त्रिकोणी माथ्याच्या खिडक्या. हातमोजे करणारा जॉन शेक्सपीअर १५५२ साली याच रस्त्यावर राहत होता, याचा पुरावा मोठा मौजेचा आहे : रस्त्यात उकिरडा केल्याबद्दल त्याला दंड झाल्याची ती नोंद आहे. १५५६ मध्ये त्याने या रस्त्यावर घर विकत घेतले आणि २६ एप्रिल १५६४ रोजी त्याच्या विल्यम या मुलाचा बाप्तिस्मा झाला. विल्यम याच घरात जन्मला असे परंपरा मानते आणि वरच्या मजल्यावरची एक खोली जन्माची खोली म्हणून दाखविली जाते. उकिरड्याला कागद आहे, खोलीला नाही.

तथापि हा काही या घराविषयीचा मुख्य प्रश्न नव्हे. जन्मस्थानांच्या बाबतीत परंपरेवर थोडाफार विश्वास टाकावाच लागतो. मुख्य प्रश्न असा की, जे घर आज रस्त्यावरून दिसते ते कोणत्या काळाचे आहे, आणि त्याच्या दिसण्यातून जे विधान केले जाते ते कितपत खरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हेन्ली स्ट्रीटवर येणाऱ्या यात्रेकरूला असे घर दिसत नव्हते. त्याला दिसत होते एका बाजूला खाटकाचे मोडकळीस आलेले दुकान आणि दुसऱ्या बाजूला विटांचा दर्शनी भाग चढविलेली 'स्वान अँड मेडनहेड' नावाची खानावळवजा सराई. १८४७ च्या सप्टेंबरात ही मिळकत लंडनमध्ये लिलावात निघाली. अमेरिकेतील बार्नम हा तमाशेवाला ती उचलून समुद्रापार नेणार अशी आवई उठली होती. अखेर लोकवर्गणी जमवून ३,००० पौंडांना ती राष्ट्रासाठी घेण्यात आली. त्यानंतर १८५७ ते १८६४ या काळात वास्तुविशारद एडवर्ड गिब्ज यांच्या देखरेखीखाली घराची 'पुनःस्थापना' झाली. विटा उतरवल्या, मोडलेले लाकूड बदलले, गेलेल्या खिडक्या आणि माथे पुन्हा बसवले. आगीचे भय नको म्हणून दोन्ही अंगांची शेजारची घरे पाडली. रांगेतले एक घर सुटे झाले, आणि सुटे होताच स्मारक झाले.

या कामाला आधार होता तो एका चित्राचा. रिचर्ड ग्रीन यांनी काढलेले हेन्ली स्ट्रीटवरील घराचे चित्र १७६९ साली 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापले गेले होते. घराचे ज्ञात असलेले ते सर्वांत जुने चित्र. म्हणजे १५६४ चे घर उभारण्यासाठी जी मूळ प्रत प्रमाण मानली, ती दोनशे पाच वर्षांनंतरची होती. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर उपलब्ध प्रतींपैकी सर्वांत जुनी प्रत हाताशी घेतली गेली आणि तिचाच पाठ मूळ पाठ म्हणून छापला गेला. याहून दुसरे काही करणे शक्य होते काय, असे गिब्ज यांच्या बाजूने विचारता येईल, आणि त्यांच्यावर लबाडीचा आरोप करणे अन्यायाचेच होईल. जुने लाकूड जेथे तग धरून होते तेथे ते राखले गेले, आणि जे केले ते लपविण्याचा प्रयत्न झाला नाही. तरीही एक अस्वस्थता उरते. तिचे स्वरूप नेमके काय, हे पाहिले पाहिजे.

जॉन रस्किन यांनी १८४९ साली वास्तुकलेविषयीच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात पुनःस्थापनेला असत्याचेच एक रूप मानले. मृताला उठवता येत नाही, तशी गेलेली वास्तूही परत आणता येत नाही, हा त्यांचा आशय. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांनी प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी जे मंडळ स्थापन केले, त्याने हाच विचार जाहीरनाम्याच्या रूपाने मांडला : डागडुजी करावी, पण काळाचे थर खरवडून काढू नयेत. या मंडळाला गमतीने 'खरवड-विरोधी' म्हटले जाई. उलट बाजूला फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्यूक यांनी आपल्या वास्तुकोशात पुनःस्थापनेची जी व्याख्या दिली ती विलक्षण धीट आहे. वास्तूला जी पूर्णावस्था कदाचित कोणत्याही क्षणी प्रत्यक्षात लाभलेली नसेल, तिच्याप्रत तिला नेणे म्हणजे पुनःस्थापना, असे त्यांना म्हणायचे आहे. हेन्ली स्ट्रीटच्या घराला ही व्याख्या नको तितकी चपखल बसते.

परंतु रस्किन यांचा युक्तिवाद या घराला जसाच्या तसा लावता येत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे दगड होता. दगडाच्या पृष्ठभागावर पाथरवटाच्या छिन्नीचा जो घाव उमटतो तो एकदाच उमटतो. अर्धा इंच दगड झिजला की तो हात कायमचा गेला. लाकडी सांगाड्याचे घर वेगळ्या न्यायाने जन्माला येते. सुतार ओले ओकच वापरीत, कारण वाळलेले ओक हत्याराला दाद देत नाही. संपूर्ण सांगाडा आधी आपल्या अंगणात जमिनीवर आडवा मांडून जुळवला जाई. एका लाकडात कोरलेल्या भोकात दुसऱ्याचे टोक बसवून ओकच्याच खुंटीने सांधा पक्का करीत. मग प्रत्येक सांध्यावर रोमन अंकांसारख्या खुणा कोरून सारे सुटे केले जाई आणि घराच्या जागेवर नेऊन पुन्हा उभे केले जाई. म्हणजे हे घर उभे राहण्यापूर्वीच एकदा मोडलेले असते. चौकटीतील कूड, म्हणजे काटक्यांचे विणकाम आणि त्यावर लिंपलेली गवत-शेण-माती, तो तर टिकावा म्हणून घातलेलाच नसतो. तो खराब होणार आणि बदलला जाणार हे गृहीत असते. मराठी वाचकाला कुडाच्या भिंतीचा हा धर्म सांगण्याची गरज नाही. कॉव्हेंट्रीच्या स्पॉन स्ट्रीटवर त्याच शहराच्या इतर भागांतील मध्ययुगीन लाकडी घरे उतरवून पुन्हा उभारलेली आहेत, आणि त्यांना खोटी म्हणण्यास जीभ सहजासहजी वळत नाही.

प्लूटार्कने सांगितलेल्या थीसियसच्या जहाजाचा पेच येथे आठवणे अपरिहार्य आहे. फळ्या एकेक करून बदलत गेल्या तर जहाज तेच राहते काय? १६५५ साली हॉब्ज यांनी त्या पेचात आणखी एक गाठ मारली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांतून त्याच क्रमाने दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? तत्त्वज्ञांना या प्रश्नाने बरेच दमवले. ज्या सुताराने सांध्यांवर अंक कोरले त्याला तो फारसा छळत नसावा. त्याच्या दृष्टीने घर म्हणजे लाकडांचा परस्परसंबंध, आणि संबंध टिकवून लाकूड बदलणे ही त्याची रोजची रोजी होती. संरचनावादाची भाषा जन्मण्यापूर्वी काही शतके ही संरचनावादी दृष्टी अंगणात राबत होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती समजून सोडून द्यावी. पण तिच्यात तथ्य आहे.

तेव्हा नवे लाकूड वापरले गेले, यामुळे हे घर असत्य ठरत नाही. द्रव्याच्या कसोटीवर ते उत्तीर्ण होते. जी अस्वस्थता उरते ती द्रव्याची नसून विधानाची आहे, आणि विधानाचा विचार करायचा तर वास्तूकडून संहितेकडे वळावे लागते. योगायोग असा की स्ट्रॅटफर्डमध्ये हे वळण इतिहासानेच घेऊन ठेवले आहे.

एडमंड मॅलोन हे अठराव्या शतकातील शेक्सपीअरचे सर्वश्रेष्ठ संपादक. नंतरच्या संपादकांनी केलेली 'सुधारणा' दूर सारून जुन्या छापील प्रतींकडे परतणे, ही त्यांची निष्ठा. विल्यम हेन्री आयर्लंड या तरुणाने शेक्सपीअरच्या हस्ताक्षरातील म्हणून बनावट कागद बाजारात आणले तेव्हा १७९६ साली त्यांचे पितळ मॅलोन यांनीच उघडे पाडले. अशा या सत्यनिष्ठ माणसाने १७९३ मध्ये काय केले? स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये शेक्सपीअरच्या थडग्यावर त्याचा रंगीत अर्धपुतळा आहे. हे रंग म्हणजे मागाहून चढविलेला गावंढळपणा, अशी मॅलोन यांची खात्री होती. धर्मगुरूंचे मन वळवून त्यांनी तो पुतळा पांढऱ्या रंगाने माखून घेतला. वस्तुतः पुतळा मुळातच रंगीत होता, आणि १७४९ च्या डागडुजीत जुनेच रंग पुन्हा भरले गेले होते. १८६१ साली मॅलोन यांची सफेदी काढून रंग पुन्हा देण्यात आले. त्याच सुमारास पलीकडे हेन्ली स्ट्रीटवर विटा उतरवण्याचे काम चालू होते.

ज्याने बनावट कागद ओळखले त्याला स्वतःच्या हातातला चुना ओळखता आला नाही, ही गोष्ट केवळ उपहासाची नाही. शुद्धीकरण हीच एक भर असू शकते, हे मॅलोन यांच्या सफेदीतून ढळढळीतपणे दिसते. प्रक्षेप काढून टाकण्याची क्रिया आपल्याबरोबर स्वतःच्या काळाची अभिरुची घेऊन येते, आणि ती अभिरुची मूळ म्हणून मिरवते. मॅलोन यांच्या पिढीला प्राचीनता म्हणजे पांढरा संगमरवर वाटे. व्हिक्टोरियन पिढीला जुने इंग्लंड म्हणजे काळी लाकडे आणि पांढऱ्या भिंती असे वाटू लागले. चेस्टरमध्ये तर त्या धर्तीवर रस्तेच्या रस्ते नव्याने उभे राहिले. पूर्वी ओक बहुधा तसेच उघडे सोडून रुपेरी होऊ देत, नाहीतर भिंतीबरोबर त्यावरही चुना फिरवीत. काळ्या डांबरी लाकडांचा जो देखावा आज इंग्लंडची जुनी ओळख म्हणून कॅलेंडरांवर छापला जातो, तो बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकाचा पाठ आहे.

मॅलोन यांच्या शेजारी दुसरी एक सफेदी ठेवून पाहावी. मेरी हॉर्नबी ही बाई हेन्ली स्ट्रीटच्या घरात भाडेकरू होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती जन्माची खोली दाखवी, शेक्सपीअरच्या म्हणून खऱ्याखोट्या वस्तू दाखवी आणि त्यावर चार पैसे मिळवी. यात्रेकरू भिंतींवर आपली नावे लिहीत. त्याआधी, १७८६ साली, जॉन ॲडम्स आणि टॉमस जेफर्सन या पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या दोघा गृहस्थांनी या घरातील खुर्चीची एक ढलपी रिवाजाप्रमाणे कापून घेतली होती. १८२० मध्ये हॉर्नबीला घर सोडावे लागले. तेव्हा रागाच्या भरात तिने भिंतींवर चुना फासून सारी नावे बुजवली, असे सांगतात. तिच्या चुन्यात बांधणी नव्हती, म्हणून पुढे तो निघाला आणि नावे वर आली.

एक सफेदी सत्यासाठी, दुसरी सूडासाठी. नैतिकदृष्ट्या पहिली श्रेष्ठ ठरावी असे सकृद्दर्शनी वाटते. पण हॉर्नबीच्या कृतीत आणखी काही आहे. आपण या घरात राहिलो, या घरावर आपले पोट चालले, आणि आता आपल्याला यात जागा नाही, हे तिचे म्हणणे त्या चुन्यात होते. १८५७ नंतरच्या पुनःस्थापनेपुढे हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. या घरावर हक्क कोणाचा?

घराचा वृत्तांत तपासला तर उत्तर सोपे राहत नाही. विल्यमने मृत्युपत्रात आपल्या जोन या बहिणीला वर्षाला बारा पेन्स भाड्याने या घरात आजन्म राहण्याचा हक्क ठेवला. तिच्या हार्ट घराण्यातील वंशजांकडे ही मिळकत १८०६ पर्यंत होती, म्हणजे शेक्सपीअरच्या नावाला जोडून असलेल्या बालपणाच्या आणि तारुण्याच्या काही वर्षांच्या तुलनेत किती तरी पिढ्या. घरमालकीची मालिका हार्टांपाशी थांबली आणि खाटकापाशी आली. सराईची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १६०१ मध्ये वडील वारल्यानंतर घर विल्यमकडे आले आणि त्याच्या मालकीतच त्याचा मोठा भाग सराईसाठी भाड्याने गेला. विटांचा दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा, हे खरे. पण सराई ही प्रक्षेप नव्हती. ती मालकाने स्वतः केलेली, आणि मालक लेखक होता. आपल्याच संहितेत लेखकाने केलेला फेरफार संपादकाने अस्सल मानायचा नाही तर काय मानायचे? 'किंग लिअर'चा १६०८ चा पाठ आणि १६२३ च्या फोलिओतील पाठ यांत जे अंतर आहे ते लेखकाच्या पुनर्लेखनाचे असावे, असे मानून ऑक्सफर्डच्या १९८६ च्या आवृत्तीने दोन्ही 'लिअर' स्वतंत्रपणे छापले. हेन्ली स्ट्रीटवर मात्र बाळाचे घर ठेवले गेले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावरील कर्त्या माणसाची सराई वगळली गेली. भाडे वसूल करणारा शेक्सपीअर यात्रेकरूला रुचत नाही, हे कारण कोणी बोलून दाखविले नसेल, पण ते घराच्या रूपात बोलले गेले आहे.

पाठचिकित्सेला या बाबतीत एक प्रामाणिक मार्ग सापडलेला आहे. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तिचे आदिपर्व १९३३ साली पुरे झाले आणि सारी पर्वे १९६६ पर्यंत. तिचे प्रमुख संपादक वि. स. सुकथनकर यांनी, हा व्यासांचा मूळ पाठ नव्हे, हस्तलिखितांच्या आधारे मागे जाता येईल तितका मागचा पाठ आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. जेथे पाठ अनिश्चित तेथे त्याच्याखाली नागमोडी रेघ आहे. जे वगळले ते पृष्ठाच्या तळाशी वा परिशिष्टात वाचकाच्या हाती ठेवलेले आहे. वास्तूला अशी नागमोडी रेघ देता येईल काय? काही अंशी देता येते. मॉरिस यांच्या परंपरेतील कारागीर जुन्या खांबाला नवा तुकडा जोडताना तो जुना भासावा अशी खटपट करीत नाहीत. सांधा दिसू देतात. हेन्ली स्ट्रीटच्या घरातही एक तळटीप अनवधानाने शिल्लक राहिली आहे. जन्माच्या खोलीच्या खिडकीच्या काचेवर यात्रेकरूंनी ओरखडून नावे लिहिली, त्यांत वॉल्टर स्कॉट आणि टॉमस कार्लाइल यांचीही आहेत. ती काच जपलेली आहे आणि दाखविली जाते. शेक्सपीअरच्या बालपणाशी तिचा काही संबंध नाही. संबंध आहे तो त्याच्या वाचकांशी.

पण येथेच वास्तू आणि ग्रंथ यांची सोबत संपते, आणि पेचाचा कठीण भाग सुरू होतो. संपादकाने पाठ चुकीचा ठरवला तरी हस्तलिखिते जागच्या जागी राहतात. पुढचा अभ्यासक त्यांच्याकडे जातो आणि पहिल्याला खोटे पाडतो. सुकथनकरांशी वाद घालणाऱ्याला सुकथनकरांनीच साधन पुरवलेले आहे. वास्तूच्या पुनःस्थापकाला मात्र आपला पाठ त्याच एका हस्तलिखितावर लिहावा लागतो. विटांची भिंत उतरवली की ती गेली. शेजारची घरे पाडली की त्यांच्या भिंतींत काय होते हे कोणालाही पुन्हा पाहता येत नाही. एकाच जागी दोन भिंती उभ्या राहू शकत नाहीत, आणि वगळलेली भिंत तळाशी बारीक टाइपात छापता येत नाही. म्हणून संपादकाच्या चुकीला जी क्षमा आहे ती पुनःस्थापकाच्या चुकीला नाही, आणि त्याने जी शंका बाळगायची तीही संपादकापेक्षा कितीतरी अधिक. काही करू नये, असे यावरून निघत नाही. १८४७ चे घर तसेच सोडले असते तर ते कोसळले असते, आणि कोसळलेल्या घराला पाठच नसतो. उकल इतकीच की टेकू देणे आणि वगळणे या दोन क्रिया एकाच नावाखाली चालतात. पहिलीची गरज दाखवून दुसरीचे समर्थन होत नाही.

याच गावात न वगळण्याचेही एक उदाहरण आहे, तेही एका विध्वंसातून आलेले. शेक्सपीअरने १५९७ साली घेतलेले 'न्यू प्लेस' हे मोठे घर, जेथे तो १६१६ मध्ये वारला, ते १७५९ साली फ्रान्सिस गॅस्ट्रेल या धर्मगुरूने पाडून टाकले. येणाऱ्या यात्रेकरूंचा त्याला वैताग आला होता. या घराचे कवीशी असलेले नाते हेन्ली स्ट्रीटच्या खोलीपेक्षा कितीतरी भक्कम आहे. तरी ते पुन्हा उभारले गेले नाही. २०१६ मध्ये ती जागा बाग आणि शिल्पे यांच्या रूपात खुली झाली. तेथे गेलेल्याला काही दिसत नाही हे त्याला कळते. हेन्ली स्ट्रीटवर गेलेल्याला काय दिसत नाही, हे त्याला सांगावे लागते.

आणि शेवटी विल्मकोट. शेक्सपीअरची आई मेरी आर्डन हिचे माहेर म्हणून त्या खेड्यातील लाकडी सांगाड्याचे एक देखणे घर १९३० साली विश्वस्तांनी विकत घेतले. ते तिचे, असे अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन जॉर्डन या गाड्यांची चाके बनवणाऱ्या, कविता करणाऱ्या आणि वाट दाखवणाऱ्या गृहस्थाने सांगितले होते. आयर्लंड पिता-पुत्रांना १७९३ मध्ये स्ट्रॅटफर्ड दाखवणारा तो हाच. २००० साली कागदपत्रांवरून सिद्ध झाले की ते घर पामर नावाच्या शेजाऱ्याचे. आर्डनांचे घर त्याच्या बाजूचे, ग्लीब फार्म नावाचे. त्याच्या लाकडांचा काळ वृक्षवलयांवरून १५१४ चा ठरला. सत्तर वर्षे माणसे पामरच्या ओकवर हात ठेवून गलबलली, आणि तो गलबला खोटा होता असे म्हणण्याचे धाडस कोणत्या सौंदर्यशास्त्राने करावे? खरे घर त्या सर्व काळात पन्नास पावलांवर उभे होते. १९६८ मध्ये विश्वस्तांनी ते घेतले होते ते एवढ्यासाठीच की देखण्या घराचा परिसर बिघडू नये. बाहेरून ते कोणाच्या डोळ्यांत भरत नव्हते, कारण मधल्या कोणा रहिवाशाने त्याला विटांचे अंग चढविले होते, हेन्ली स्ट्रीटच्या सराईला चढविले होते तसे.